न्यासाची ठेव आणि न्यासाचा उद्देश: धर्मादाय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सादर नमस्कार.

व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या एका छोट्या सार्वजनिक न्यासाचा मी विश्वस्त आहे. दारू आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्यांच्या उपचारांचा आमचा बराचसा खर्च मुदत ठेवींच्या व्याजातून भागतो. या ठेवींचा पैसा बँक पुढे कोणाला कर्जाऊ देते, असे मागच्या वार्षिक सभेत एका देणगीदार आजींनी विचारले, तेव्हा आम्हा विश्वस्तांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. बँकेच्या शाखेत चौकशी केली, तर व्याजदरांचा तक्ता हाती आला.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 35 नुसार, लगेच खर्च न होणारा पैसा सामान्यतः अनुसूचित (म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतील) बँकेत, टपाल बचत बँकेत, शासनमान्य सहकारी बँकेत किंवा सार्वजनिक रोख्यांतच ठेवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाख रुपयांपुरतेच असल्याने, सुरक्षिततेत सूट मागण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

परंतु याच चौकटीत बसणारा एक पर्याय आता उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींविषयीची नियमावली 1 जून 2023 पासून लागू झाली. अशा ठेवींतील पैसा अक्षय ऊर्जा, पाण्याचे व्यवस्थापन, प्रदूषण नियंत्रण यांसारख्या कामांनाच देता येतो. खनिज इंधनांचे उत्खनन, शस्त्रे, मद्य आणि तंबाखू हे उद्योग त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत, आणि पैशाच्या विनियोगाची दरवर्षी त्रयस्थ पडताळणी करून घ्यावी लागते. स्टेट बँकेने जानेवारी 2024 मध्ये 1111, 1777 आणि 2222 दिवसांच्या मुदतीची अशी ठेव आणली. नाव हरित असले, तरी आमच्या लेखी तिचे मोल मद्य आणि तंबाखू वगळण्यात आहे. बँकेच्या बाकीच्या कर्जांवर या ठेवीने कोणतेही बंधन येत नाही, हे आम्ही जाणतो. तरी आपला पैसा तिकडे जात नाही, एवढे आजींना सांगता येईल.

घोडे अडते ते व्याजावर. हरित ठेवीवर नेहमीच्या ठेवीपेक्षा किंचित कमी व्याज मिळण्याची शक्यता असते. बँक अनुसूचित असल्यामुळे लेखापरीक्षा अहवालात कलम 35 च्या भंगाचा शेरा येण्याचे कारण नाही. पण कमी व्याज पत्करून न्यासाचे नुकसान केले, अशी तक्रार कोणी केली, तर कलम 40 आणि 41 खाली भरपाई वैयक्तिकरीत्या स्वतःवर येईल, ही धास्ती विश्वस्तांना वाटते. बिनपगारी काम करणाऱ्या माणसांची ही धास्ती मला अवास्तव वाटत नाही.

म्हणून आपण एक परिपत्रक काढावे, ही विनंती. न्यासाच्या उद्देशाशी सुसंगत अशी ठेव विश्वस्तांनी कारणे नोंदवून, रीतसर ठराव करून, कलम 35 मध्ये बसणाऱ्या बँकेत ठेवली आणि व्याजातील फरक आपण ठरवून दिलेल्या मर्यादेत राहिला, तर केवळ त्या फरकामुळे तो निष्काळजीपणा किंवा न्यासभंग मानला जाणार नाही, एवढा खुलासा त्यात असावा. ही मर्यादा किती असावी हे आपणच ठरवावे. ती अगदी कमी असली तरी आमचे काम भागेल.

आमच्या सर्वांत मोठ्या ठेवीची मुदत येत्या मार्चमध्ये संपत आहे. तोवर खुलासा झाला नाही, तर ती आहे त्याच स्वरूपात पुढे चालू ठेवण्याचा ठराव आम्हाला करावा लागेल.

कळावे,
आपला नम्र,
एक विश्वस्त