किलो बाजारातला आणि किलो ठिबकच्या गेजवरचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शालेय पुरवणीत वस्तुमान आणि वजनावरचा लेख वाचला. बाजारात वजन किलोत सांगणे चूक आहे, ते न्यूटन या बलाच्या एककातच सांगायला हवे, असे त्यात ठासून लिहिले आहे. दहावीच्या पेपरात दोन मार्क मिळवायला हे चालेल. बाजाराला मात्र ते लागू होत नाही.

कापूस विकला की पैसे मिळतात ते मालाचे. पृथ्वी त्या मालाला किती जोराने खाली ओढते, याच्याशी व्यापाऱ्याला देणेघेणे नसते. माल किती, हे वस्तुमान सांगते आणि त्याचे एकक किलोग्रॅमच. १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेच निकाल लावून ठेवला आहे : किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आणि वजन हे बल. जुन्या दांडीच्या तराजूत एका पारड्यात माप असे, दुसऱ्यात माल. ओढ दोन्हीकडे सारखीच, म्हणून तो तराजू चंद्रावर नेला तरी किलोचा किलोच भरेल.

इलेक्ट्रॉनिक काट्याचे तसे नाही, आणि लेखात नेमके हेच सुटले. त्याच्या आत लोडसेल असतो. वर पोते ठेवले की तो धातूचा ठोकळा डोळ्यांना दिसणारही नाही इतका वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. म्हणजे हा काटा मोजतो बल आणि दाखवतो किलो. विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण ९.७८ आहे, ध्रुवावर ९.८३. विषुववृत्तावर लावून घेतलेला काटा ध्रुवावर नेला तर क्विंटलमागे अर्धा किलो जास्त दाखवेल. म्हणूनच काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित मापे ठेवून तपासावा लागतो. आपल्या दोन तालुक्यांत एवढा फरक पडत नाही. तेव्हा क्विंटलमागे कापली जाणारी कट्टी गुरुत्वाकर्षणाच्या नावावर टाकता येणार नाही!

किलो बलासाठी वापरतात ते पाहायचे असेल तर संत्र्याच्या बागेत या. ठिबकच्या फिल्टरवरच्या, पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजवर 'किलो प्रति चौरस सेंटीमीटर' असे छापलेले असते. इकडे कोणीही विचारतो, ‘प्रेशर किती आहे?’ आणि उत्तर येते, ‘दीड किलो.’ हा किलो म्हणजे किलोग्रॅम-बल, ९.८ न्यूटन. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा गेज यांत अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला की आम्ही बॅकवॉश करतो, म्हणजे उलटे पाणी सोडून फिल्टर धुतो. पुस्तकी भाषेत हा फरक सुमारे ४९ हजार पास्कल होतो. पण वावरात कोणी तसे बोलत नाही, आणि त्याला कारण आहे. दहा मीटर उंच टाकीतून पाणी सोडले की खाली दाब भरतो बरोबर एक किलो. एक चौरस सेंटीमीटर जागेवर हजार सेंटीमीटर उंच पाण्याचा खांब धरला तर तो एक लिटर भरतो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी किती उंच बांधायची, हा हिशेब माणूस बांधावर उभ्या उभ्या तोंडी करतो. पास्कलमध्ये करायचा तर आधी ९.८ ने गुणा.

न्यूटन शिकवू नका, असे माझे म्हणणे नाही. मोटरची ताकद काढायची तर तोच लागतो, कारण किलोग्रॅम-बल आणि किलोग्रॅम एकाच सूत्रात आले की पोरे ९.८ कुठेतरी हमखास विसरतात. पण गेजवरचा किलो कोणता आणि काट्यावरचा कोणता, हे पुरवणीने एकदा चित्रासह द्यावे. शिक्षकांना पोरे घेऊन यायची असतील तर आमचा गेज पाहायला जरूर यावे; फक्त दिवसाच्या लाइनचा, म्हणजे शेतीला दिवसा वीज असते तो आठवडा बघून यावे, रात्रीच्या पाळीत ओलित बारानंतर सुरू होते.

आपला,
एक संत्रा उत्पादक
ता. वरुड, जि. अमरावती