न्यू जर्सीचा हिवाळा आणि पंचवीस डॉलरचे तिकीट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत मुलांकडे जायचे तर एप्रिल ते सप्टेंबरमध्येच, हिवाळ्यात मुळीच नको, असा सल्ला आमच्या पिढीतील बहुतेक आईवडिलांना मिळतो आणि आम्हीही तो निमूटपणे पाळतो. या वेळी मात्र नातीच्या जन्मामुळे आम्हा उभयतांना डिसेंबरअखेर न्यू जर्सीतील एडिसनला जावे लागले आणि पहिले तीन आठवडे खिडकीतून बर्फ पाहण्यात गेले. पुढच्या दोन रविवारी मुलाने हट्टाने आम्हाला अटलांटिकच्या किनाऱ्यावर नेले नसते, तर हा सल्ला किती अपुरा आहे हे मला कळले नसते.

पहिल्या रविवारी गेलो ते लाँग बीच आयलंड या चिंचोळ्या बेटाच्या उत्तर टोकाला, बार्नेगट लाइटहाउस स्टेट पार्कमध्ये. १८५९ साली प्रथम उजळलेल्या तेथील दीपगृहाला २१७ पायऱ्या आहेत. त्या चढण्याचे आमचे वय नाही, आणि पाहण्यासारखे होते ते पायथ्याशीच. खाडीच्या मुखाशी मोठमोठे दगड रचून समुद्रात लांबवर बांध घातलेला आहे. न्यू जर्सीचा किनारा वाळूचा, खडक असा जवळजवळ नाहीच. त्यामुळे उन्हाळा ईशान्य कॅनडातील खळाळत्या ओढ्यांवर काढणाऱ्या आणि हिवाळ्यासाठी खडकांवर लाटा फुटणारा किनारा शोधणाऱ्या हार्लेक्विन बदकांनी माणसाने बोटींच्या सोयीसाठी टाकलेले हे दगडच आपलेसे केले आहेत. नराचे अंग निळसर करडे, त्यावर रंगाऱ्याने नुकतेच ओढावेत तसे पांढरे पट्टे आणि कुशीला विटकरी छटा. नेमकी लाट फुटते तेथेच तो बुडी मारतो, आणि आता हा दगडावर आपटणार म्हणून आपण डोळे मिटेपर्यंत पलीकडे अंग झटकत वर येतो. तासभर आम्ही तेच पाहत राहिलो. बोटे बधिर झाली होती, पण परत फिरण्याची सूचना आधी मुलाने केली, हे नमूद करायला हवे.

दुसऱ्या रविवारी अटलांटिक सिटीजवळचे एडविन बी. फोरसाइथ राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान पाहिले. १९३९ आणि १९६७ साली राखून ठेवलेले दोन प्रदेश १९८४ मध्ये एकत्र करून ते झाले. त्याचे क्षेत्र ४७ हजार एकरांहून अधिक असून त्यातील बराचसा भाग म्हणजे आपल्या कोकणात ज्याला खाजण म्हणतात तशी भरती-ओहोटीची दलदल आहे. एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खारे, अशा बांधांवरून आठ मैलांचा एकेरी रस्ता फिरतो, आणि बहुतेक जण तो मोटारीतून न उतरता, काचा खाली करून पार करतात. पक्षी मोटारीला बुजत नाहीत, माणूस उतरला की उडतात. म्हणजे गाडी हेच लपण. आमच्यासारख्या गुडघे दुखणाऱ्यांना याहून सोयीचे पक्षिनिरीक्षण नाही. हिमहंसांचा एक प्रचंड थवा पाण्यावर बसला होता. वरून गरुड गेला आणि तो सगळा पांढरा पसारा एकदम आकाशात उठला, तेव्हा त्या कोलाहलात नातही जागी झाली. ब्रँट नावाचे लहान, काळसर हंसही शेकड्यांनी होते. १९३० च्या दशकात रोगाने ईलग्रास हे समुद्री गवत नष्ट झाले, तेव्हा त्यावर जगणारे ब्रँटही फार घटले होते. उरले ते हिरव्या शेवाळावर गुजराण करायला शिकले. उन्हाळ्यात येथे हिरव्या डोळ्यांच्या चावऱ्या माश्या आणि डास माणसाला हैराण करतात असे म्हणतात. हिवाळ्यात त्यांचे नाव नाही.

गैरसोयी आहेत. दुपारी साडेचार-पाचलाच अंधारते, वारा कानटोपीतून आत शिरतो आणि स्वतःची मोटार नसेल तर तेथे पोहोचणे कठीण, म्हणजे मुलांच्या सुट्टीवर अवलंबून राहणे आले.

परंतु पत्र लिहिण्याचे खरे कारण मुलाने तेथे घेतलेले पंचवीस डॉलरचे एक तिकीट आहे. १९३४ च्या कायद्याने निघालेल्या या ‘डक स्टॅम्प’वर दर वर्षी स्पर्धेतून निवडलेले पाणपक्ष्याचे चित्र असते, आणि त्यातून जमणाऱ्या प्रत्येक डॉलरमधील ९८ सेंट अशा आश्रयस्थानांसाठी पाणथळ जमीन मिळवण्याकडे जातात. बदकांची शिकार करणाऱ्या, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते घ्यावेच लागते. आश्रयस्थानाच्या काही भागांत ठरावीक काळात शिकारीला परवानगी असते, हे ऐकून मला धक्का बसला आणि तो अजून पुरता ओसरलेला नाही. मात्र शिकार न करणाराही हे तिकीट घेऊ शकतो, आणि तेच वर्षभर प्रवेशपत्र म्हणून चालते.

मी निफाड तालुक्यातील आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखालच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले आमचे नांदूर मधमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले, त्याच वर्षी फोरसाइथला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. आम्हाला तो २०१९ मध्ये, महाराष्ट्रात सर्वप्रथम मिळाला. थंडीत तेथेही उत्तरेकडून बदके आणि करकोचे उतरतात आणि सुट्टीच्या दिवशी नाशिक-पुण्याहून माणसे येतात. या माणसांना पाणपक्ष्याचे चित्र असलेले, मराठी चित्रकारांच्या स्पर्धेतून ठरणारे वार्षिक तिकीट विकावे आणि त्याचा पैसा केवळ राज्यातील पाणथळ जागांसाठीच खर्च व्हावा, असा कायदा करणे शासनाला अवघड नाही. शंभर रुपयांचे असले तरी मी दर वर्षी घेईन.

मुलाने घेतलेले तिकीट ३० जूनपर्यंत चालते. आम्ही मार्चमध्ये परत आलो. तोवर फोरसाइथला आणखी दोनदा जाऊन आलो होतो.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, निफाड (जि. नाशिक)