निशाण जुनं, की जुनं केलेलं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमक्या वाड्यात दोनशे वर्षांचं लढाईचं निशाण सापडलं अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते, सोबत फोटो असतो, पण वय कोणी आणि कशावरून ठरवलं ते काही छापलेलं नसतं. म्हणून हे पत्र.

माझे आजोबा मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले. त्यामुळं तीन वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात १०३ मराठा लाइट इन्फंट्री असं भरतकाम असलेलं निशाण बघितलं तेव्हा हात थरथरले माझे. दुकानदार म्हणाला १८५७ चं आहे, भोकं गोळ्यांची आहेत. अठरा हजार मोजले आणि घरी आणलं.

नंतर वाचत गेलो तसं एकेक कळत गेलं. १०३ हा नंबरच त्या पलटणीला १९०३ मधे मिळाला, १८५७ ला ती बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची तिसरी रेजिमेंट होती, आणि १९२२ ला नंबर परत बदलला. म्हणजे निशाण खरं असेल तर १९०३ ते १९२२ मधलंच हवं. पण त्या काळातल्या निशाणांवर ब्रिटिश राजमुकुट असायचा त्याच्या कमानी गोल असतात आणि माझ्याकडच्या मुकुटाच्या कमानी मधे खचलेल्या, तसा मुकुट राणी एलिझाबेथच्या काळात, १९५३ पासून आला. तोवर आपण प्रजासत्ताक झालो होतो, आपल्या पलटणींची किंग्ज कलर्स, म्हणजे ब्रिटिश राजाच्या नावाची निशाणं, २३ नोव्हेंबर १९५० ला डेहराडूनच्या लष्करी अकादमीतल्या चेटवुड हॉलमधे सन्मानानं ठेवून पण झाली होती!

मग शिवण बघितली. कडेची दुमड अंगठ्याएवढी उसवली तर आतलं कापड बाहेरच्याइतकंच पिवळं. उन्हानं, उजेडानं विटलेलं कापड दुमडीच्या आत मूळ रंग धरून राहतं, चहाच्या पाण्यात बुडवलेलं मात्र आतबाहेर एकसारखं होतं. भोकांच्या कडा पण कात्रीनं कापल्यासारख्या स्वच्छ होत्या, जुनं रेशीम असं फाटत नाही, ते घडीवर तडकतं आणि हात लावला की भुगा होतो.

नोटा तपासायची जांभळी बॅटरी अंधारात मारली तर दोरा निळसर पांढरा चमकला. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून दोऱ्यात, वॉशिंग पावडरमधे घालतात ते हे चमकणारं केमिकल दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आलं. पण इथं घाई करू नये, खरं जुनं कापड कोणी एकदा जरी वॉशिंग पावडरमधे धुतलं असेल तरी ते चमकतं. म्हणून शिवणीच्या आत दडलेला दोरा भिंगातून बघायचा. माझा गुळगुळीत पॉलिस्टरचा निघाला. जरीचं पण तसंच, खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, ती वर्षानुवर्षांत काळवंडते, प्लास्टिकची तशीच चकचकत राहते.

पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण आजोबांच्या फोटोशेजारी ते खोटं कापड दीड वर्ष टांगलेलं होतं ते जास्त लागलं मनाला.

माझी कळकळीची विनंती आहे की अशी बातमी छापताना कापड कुठलं, शिवण हाताची का मशीनची, कोणी तपासलं, एवढं तरी विचारून छापा. आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या खरंच एखादं निशाण आहे त्यांनी ते धुवू नका, इस्त्री करू नका, फ्रेमवाल्याला फेविकॉलनं चिकटवू देऊ नका, आणि खरं-खोटं बघायला धागा तर अजिबात जाळू नका. कॉटनच्या स्वच्छ धुतलेल्या चादरीत सैल गुंडाळून, अंधारात, आडवं ठेवा आणि म्युझियममधल्या कापडाच्या जाणकाराला दाखवा. शंभर वर्षांच्या वरचं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ते परदेशात विकता पण येत नाही, हे घरातल्या तरुण मुलांना आत्ताच सांगून ठेवा.

आपला,
एक वाचक, पुणे