आफ्रिकन कासव विकता येते, मग ते सांभाळायचे कसे हेही सांगा : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

कासवांविषयीचे पत्र वनखात्याऐवजी आपल्याकडे का आले, असा प्रश्न आपल्या कार्यालयाला पडेल. आपल्या नद्या-तळ्यांतली कासवे वन्यजीव कायद्याखाली येतात. ती घरात ठेवणे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. हे पत्र दुकानांतून विकल्या जाणाऱ्या परदेशी कासवांबद्दल आहे, त्यातही मी अनेक वर्षे सांभाळत असलेल्या आफ्रिकन साइडनेकबद्दल. पाळीव प्राण्यांच्या दुकानांना 2018 च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आजारी कासव घेऊन आम्ही जातो ते पशुवैद्यांकडे. या दोन्ही गोष्टी आपल्या खात्याशी जोडलेल्या आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

पेलोमेडूसा हे या कासवाचे शास्त्रीय नाव. सहाराच्या दक्षिणेला, घानापासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत, पावसाने भरणाऱ्या डबक्यांत आणि संथ ओढ्यांत ते राहते. मान आत ओढून घेत नाही, बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली दडवते. हनुवटीखाली दोन मऊ मिशा असतात. बेडूकमासे, गोगलगायी, किडे, मेलेली जनावरे असे मिळेल ते खाते. पाणवठ्यावर आलेल्या गेंड्यांच्या अंगावरच्या गोचिडी आफ्रिकेतली अशी कासवे ओढून खातात, अशाही नोंदी आहेत. इतके चौकस जनावर मी दुसरे पाळलेले नाही. मी खोलीत आलो की ते पाण्यातून मान लांब करून बघते.

डबके आटले की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते. त्याच्या या चिवटपणाचाच विक्रीत गैरफायदा घेतला जातो. 'याला काही लागत नाही, टबात ठेवा, दोन दिवसांनी खायला घाला,' असे सांगून ते हातात दिले जाते, वर प्लास्टिकचे माडाचे झाड फुकट. घरात कासव असले की बरकत येते या समजुतीने नेणारेही बरेच.

प्रत्यक्षात त्याला खूप काही लागते. वाढलेल्या कासवाची पाठ साधारण वीस सेंटिमीटर भरते, काहींची त्याहून बरीच मोठी. त्याला मनसोक्त पोहता येईल एवढी टाकी हवी आणि पाणी 24 ते 28 अंशांच्या आसपास हवे. मांसाहारी असल्यामुळे त्याच्या विष्ठेतून पाण्यात भराभर अमोनिया साठतो, म्हणून दमदार फिल्टर हवा. अंग पूर्ण सुकवता येईल अशी कोरडी, गरम जागा हवी. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण. ते नसतील तर शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, खाल्लेले कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही आणि कवच मऊ पडते, वाकडे वाढते. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, यूव्हीबी जवळजवळ येत नाही. यूव्हीबी देणारी ट्यूब पेटत राहते, पण तिच्यातले हे किरण वर्षभरात बरेच कमी झालेले असतात. नुसत्या वाळक्या कोळंबीवर ठेवलेल्या कासवांचे डोळे सुजून मिटतात. हे बहुधा अ जीवनसत्त्व कमी पडल्याचे लक्षण असते. मालकाला वाटते, झोपलेय.

इंटरनेटवर माहिती मिळते, पण ती इथल्या हवेची नसते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, तेव्हा दिव्याशिवाय भागत नाही. नाशिकला डिसेंबरच्या रात्री टाकीचे पाणी गारठते. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात गॅलरीतला टब इतका तापतो की आतले कासव उकाड्याने मरते. हे मराठीत, साध्या शब्दांत, विक्रीच्या वेळीच हातात पडले पाहिजे.

म्हणून मागणी अशी की, दुकानाच्या नोंदणीच्या अटींतच जातवार माहितीपत्रक घालावे आणि ते दिल्याशिवाय कासव विकता येऊ नये. त्यात सगळ्यात वर लिहावे की हे जनावर वीस-पंचवीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त जगते. साल्मोनेलाचा इशाराही त्यात असावा. लहान मुलांना या जंतूची बाधा होऊ लागली म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्रीच बंद केली होती. आपल्याकडे तर पिल्लेच जास्त खपतात. शक्य असेल तर आपणही ती मर्यादा घालावी.

दुसरे, पशुवैद्यांचे. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर तालुक्यालाही भेटतात. कासवाचा एक्स-रे वाचू शकणारा डॉक्टर शोधताना दोन जिल्हे ओलांडावे लागतात. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने सेवेतल्या डॉक्टरांसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचे छोटे प्रशिक्षण सुरू केले, तरी फार मोठा फरक पडेल.

आणि ज्यांना कासव सांभाळणे जमत नाही, त्यांच्यासाठी ते परत देण्याची जागा हवी. ती नसल्यामुळे लोक रात्री तलावात सोडून येतात. लाल कानांची अमेरिकन कासवे आपल्या शहरांतल्या तळ्यांत अशीच पोचली आणि आता इथल्या कासवांच्या वाट्याचे अन्न आणि उन्हाच्या जागा घेत आहेत. विकणाऱ्या दुकानाने ते परत घेणे बंधनकारक करावे, आणि प्रत्येक महसुली विभागात निदान एक स्वीकार केंद्र असावे.

माहितीपत्रकाचा मसुदा तयार करायला आम्ही पाळणारे आनंदाने बसू. पाण्याच्या तापमानाच्या, आहाराच्या, वजनाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आमच्या वह्यांत आहेत. आपण बोलवावे, वह्या घेऊन येतो.

आपला नम्र,
एक कासवपालक, नाशिक