कैलासपती लावा, पण पार्किंगपासून लांब

मा. संपादक, स. न. वि. वि.

श्रावण जवळ आला की बडोद्यात नर्सरीत कैलासपतीची रोपं मागणारे वाढतात, फूल बघितलं की पिंडीवर नागाने फणा धरलाय असंच वाटतं ना. पण रोप देताना कोणी सांगत नाही की हे झाड 20-25 मीटर उंच होतं, फुलं खोडातूनच लोंबणाऱ्या दांड्यांवर येतात आणि मग तिथेच तोफगोळ्याएवढी फळं धरतात. 2009 ला मी सोसायटीत कंपाउंडपासून चार फुटांवर लावलं, चूक माझीच, 2019 ला पहिल्यांदा फुललं तेव्हा पहाटे अख्खा जिना सुगंधाने भरलेला! आता एका स्कूटरवर फळ पडलं म्हणून मीटिंगमध्ये झाड कापायचं चाललंय. कृपा करून कापू नका. फळ पिकायला वर्षभर तरी लागतं, ते लिंबाएवढं असतानाच माळ्याकडून काढून घ्या आणि गाड्या दुसरीकडे लावा.

झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, त्याला ऊब आणि ओल दोन्ही पाहिजे. आपल्याकडे मे महिन्याची लू कोवळी पानं जाळते, म्हणून पहिले दोन उन्हाळे वर हिरवं नेट बांधा, बुडाशी पालापाचोळा पसरा, आणि आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते तर खड्ड्यात रेती आणि शेणखत घालाच. बी ताजंच पेरायचं, पडून फुटलेल्या फळाचा गर हवेत निळसर होतो आणि भयंकर घाण वास येतो, नाक दाबून बिया धुवायच्या आणि लगेच कुंडीत. वर्षात कधीतरी सगळी पानं गळतात तेव्हा झाड मेलं म्हणून घाबरू नका, थोड्याच दिवसांत नवी पालवी येते.

आणि सकाळी लवकर जाऊन भुंगे नक्की बघा. या फुलात मध नसतो, फण्यावरचे पराग म्हणजे भुंग्यांचं नुसतं खाणं, त्यातून बी धरत नाही. ते खायला भुंगा आत शिरला की खालच्या पिंडीभोवतीचे खरे पराग त्याच्या पाठीला लागतात. मी सात वर्षं बघतेय, अजून कंटाळा आला नाही.

यंदा माझ्याकडे बारा रोपं तयार आहेत. भिंतीपासून, गाड्यांपासून निदान 25 फूट मोकळी जागा असेल त्यांनाच फुकट देईन, पण आधी जागा बघायला येईन.

आपली,
एक जुनी वाचक, मांजलपूर, बडोदा