रिडिंग चुकलं तर मार्क कापू नका, का चुकलं ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागले, एफवाय बीएस्सीच्या ॲडमिशन चालू झाल्यात. आमच्या खेड-चिपळूणकडची बरीच पोरं केमिस्ट्री घेतात, लोट्याच्या एमआयडीसीत काम मिळेल म्हणून. मीपण त्यासाठीच घेतली, आज तिथल्याच एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायच्या खात्यात आहे. त्यामुळे मनापासून सांगावंसं वाटतं की कॉलेजात केमिस्ट्रीचा पायाच कच्चा राहतोय, आणि त्यात पोरांपेक्षा प्रॅक्टिकल घ्यायच्या पद्धतीचा दोष जास्त आहे.

माझंच सांगते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, ०.१ नॉर्मल कॉस्टिक बनव, एक लिटर. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, नॉर्मल हे सोल्युशनच्या स्ट्रेंथचं माप. हिशोब तोंडपाठ होता, सोडियम २३ अधिक ऑक्सिजन १६ अधिक हायड्रोजन १ म्हणजे ४०, लिटरला ४० ग्रॅम म्हणजे १ नॉर्मल, त्याचा दहावा भाग ४ ग्रॅम. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, मी वॉच ग्लासवर (काचेच्या छोट्या बशीवर) पेलेट्स, म्हणजे कॉस्टिकचे गोळीसारखे दाणे घेऊन बरोब्बर ४.००० आणायच्या नादात एक काढ एक घाल करत बसले आणि बघता बघता पेलेट्सना ओल सुटली, चिकट झाल्या, काट्यावरचा आकडा आपला हळूहळू वर चाललाय. मला वाटलं काटाच बिघडला! मॅडमनी शांतपणे विचारलं, "तू आत्ता वजन नक्की कशाचं करतेयस?"

कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतं, कार्बन डायऑक्साइडही ओढतं, त्यामुळे त्या ४ ग्रॅममध्ये खरं कॉस्टिक किती ते सांगता येत नाही. म्हणून सोल्युशन अंदाजे करायचं आणि केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, एक आम्लधर्मी क्षार) अचूक तोलून त्याच्यावर टायट्रेशन करून, म्हणजे तो पुरता संपवायला किती मिली कॉस्टिक लागतं ते मोजून, खरी स्ट्रेंथ काढायची, हेच स्टँडर्डायझेशन, कारण केएचपी कॉस्टिकसारखं ओल धरत नाही. ०.५१०५ ग्रॅम केएचपीला ०.१ चं कॉस्टिक २५ मिली लागायला हवं, माझं लागलं २६.३, म्हणजे सोल्युशन भरलं फक्त ०.०९५. त्या दिवशी मला स्टँडर्डायझेशन कळलं, डिग्री हातात आल्यावर!

कॉलेजात हे नव्हतं का? पुस्तकात होतं. पण लॅबमध्ये बाटली तयार यायची, लेबल लावलेली. आम्ही सिनियरच्या जर्नलमधून रिडिंग उतरवायचो, कारण स्वतःचं लिहिलं आणि ते वेगळं आलं तर मार्क जायचे. मग कोण कशाला ब्युरेटकडे, म्हणजे टायट्रेशनच्या मापाच्या काचनळीकडे नीट बघेल?

मोलचंही तसंच, डझनासारखं कण मोजायचं एकक ते. माझा मामेभाऊ गेल्या वर्षी एफवायला होता, व्याख्या घडाघडा म्हणायचा पण मोल म्हणजे हातात किती ते माहीत नाही. त्याला औषधाच्या टोपणाने १८ मिली पाणी मोजून दिलं, शेजारी वाटीत ५८.५ ग्रॅम मीठ ठेवलं, म्हटलं दोन्ही एक एक मोल, ६ वर २३ शून्यं एवढे पाण्याचे रेणू आणि तेवढ्याच सोडियम-क्लोरीनच्या जोड्या. मग कोकमाच्या आगळात चिमूट चिमूट खायचा सोडा टाकायला लावला, फसफसून फेस यायला लागला, लाल रंग उतरत काळपट झाला. फेस यायचा थांबला तेव्हा तोच म्हणाला, "ताई, आंबट संपलं, आता सोडा उरणार." लिमिटिंग रिएजंट, म्हणजे जो पदार्थ आधी संपून रिॲक्शन थांबवतो तो, हाच की! आईची ओरड खाल्ली दोघांनी, आगळ वाया गेलं म्हणून, पण त्याला कळलं.

सर-मॅडमना दोष देत नाही, कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत, पोर्शन संपवायची घाई असते. पण पहिला महिनाभर फक्त मोल आणि सोल्युशन बनवणं एवढंच घ्या, बाकीचं त्याच्यावर आपोआप बसतं. प्रत्येकाचं रिडिंग वेगळं येऊ द्या. २६.३ लिहिणाऱ्या पोराला २५ का नाही आलं ते विचारा आणि त्या उत्तराला मार्क द्या. आणि यंदा पावसाळ्यातल्या पहिल्या प्रॅक्टिकलला तयार बाटली न देता गॉगल आणि ग्लोव्ह्ज घालायला लावून कॉस्टिकच्या पेलेट्स त्यांनाच तोलू द्या.

आपली,
एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी