मीठ तितलेंच आसा गो बाय

आगरवाड्याच्या काकांना,

काका, परवा नर्सिंगच्या परीक्षेत सलाइनचं गणित आलं आणि ते मी दोन ओळींत सोडवलं. घरी आल्या आल्या हे पत्र लिहायला घेतलं.

अकरावीतली ती संध्याकाळ तुम्हाला आठवते का? चाचणीत विचारलं होतं, मिठाचं 10 टक्क्यांचं 200 ग्रॅम द्रावण 4 टक्क्यांचं करायला किती पाणी घालावं. मी लिहिलं 500 ग्रॅम. सूत्र पाठ होतं, तरी चुकलं आणि का चुकलं तेही कळेना. तुमच्या मिठागराच्या बांधावर रडत बसले होते. तुम्ही हातातलं काम टाकून वही मागितलीत.

"मीठ तितलेंच आसा गो बाय. उदक वाडलें."

आधी मीठ धर, म्हणालात. 200 चे 10 टक्के म्हणजे 20 ग्रॅम. हेच 20 ग्रॅम 4 टक्के ठरायचे तर सगळं मिळून 500 ग्रॅम हवं. त्यातलं 200 भांड्यात आहेच, मग घालायचं 300. मी अख्ख्या द्रावणालाच पाणी समजत होते!

मग तुम्ही समोरचं पाणी दाखवलंत. भरतीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आत येतं तेव्हा त्यात साधारण साडेतीन टक्के क्षार. ऊन पाणी नेतं, मीठ मागे राहतं, आणि 26 टक्क्यांच्या आसपास दाणा धरायला लागतो. सगळे क्षार मीठच धरून आपण हिशेब केला: 100 किलोतलं साडेतीन किलो मीठ 26 टक्के व्हायला साडेतेरा किलोच द्रावण उरायला हवं. बाकीचं साडेशहाऐंशी किलो पाणी उन्हानं न्यायचं. तेच गणित, उलट्या दिशेनं. पुस्तकात हे असं कुणी का लिहीत नाही, मला अजून कळत नाही.

100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम मीठ म्हणजे 10 टक्के नव्हे, 110 मध्ये 10, म्हणजे 9.09 टक्के, हेही तेव्हाच पक्कं झालं.

आता वॉर्डात 0.9 टक्क्यांची 500 मिलीची बाटली हातात घेतली की आधी मीठच मोजते: 100 मिलीला 0.9 ग्रॅम, म्हणजे साडेचार ग्रॅम. इथे टक्के मिलीवर असतात, एवढाच फरक.

काका, मनापासून आभार. ती वही मी जपून ठेवली आहे. तुमच्या ओल्या बोटांचे मिठाचे पांढरे डाग त्या पानावर अजून आहेत.

तुमची,
बांधावरची बाय